जुन्या गोल्फ कोर्सची पारख आणि जीर्णोद्धार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांना आपला स्कोअर पाठ असतो. ज्या जमिनीवर तो झाला ती कुणी आणि काय विचार करून घडवली, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिका आणि ब्रिटनमधल्या शंभरेक वर्षं जुन्या कोर्सवर जीर्णोद्धाराची मोठी कामं झाली, अजून होत आहेत. त्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत आणि ती मी ठामपणे मांडली आहेत.

‘क्लासिक’ कोर्स नेमके कोणते?

साधारण १९०० पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत बांधले गेलेले. त्याआधी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, वाळूच्या उंचवट्यांतून गोल्फ खेळलं जायचं आणि कोर्स बांधावा लागत नसे. मेंढ्या चरायच्या, वारा वाळू हलवायचा, माणसं त्याच वाटांनी खेळत राहायची आणि कोर्स होत जायचा. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स असाच घडला. तिथे १७६४ साली बावीस होलची (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खळीत जाईपर्यंतचा एक टप्पा) अठरा झाली आणि पुढे तोच आकडा जगाने उचलला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आधी लंडनभोवतीच्या वाळूमिश्रित माळांवर आणि मग अमेरिकेत, समुद्र नसलेल्या जागीही तेच गुण आणायचा प्रयत्न सुरू झाला. कोर्स आखणाऱ्या आर्किटेक्टांपैकी हॅरी कोल्ट मूळचा वकील, अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी डॉक्टर, तर डोनाल्ड रॉस हा स्कॉटलंडमधल्या डॉर्नॉकचा, सुतारकाम शिकलेला ग्रीनकीपर, म्हणजे कोर्सची निगा राखणारा. ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट, चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड, सेथ रेनर, जॉर्ज थॉमस, विल्यम फ्लिन हे त्याच काळातले. १९२९ नंतरच्या मंदीत नवी कामं आटली आणि युद्धाने उरलीसुरलीही थांबवली.

पण जुनं ते सगळं सोनं नव्हे. रॉसच्या नावावर सुमारे चारशे कोर्स आहेत. त्यांतल्या अनेक ठिकाणी तो एखाद-दोनदाच गेला आणि काही ठिकाणी तर नुसता आराखडाच पोचला. नावाला हात जोडण्याआधी जमीन पाहावी.

मग चांगला आराखडा ओळखायचा कसा?

टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहा आणि स्वतःला विचारा: इथे मला काही ठरवायचं आहे का? की चेंडू कुठे मारायचा ते आधीच ठरलेलं आहे आणि मी फक्त हुकूम पाळायचा आहे? माझ्या लेखी जुन्या कोर्सची सगळी पारख या एका प्रश्नात आहे.

ओल्ड कोर्सचं सतरावं होल घ्या, ज्याला रोड होल म्हणतात. उजवीकडे हॉटेल आणि कोर्सची हद्द. त्या हद्दीला जितकं चिकटून चेंडू टाकाल तितका पुढचा फटका सोपा, कारण ग्रीन (झेंडा आणि खळी असलेली अगदी आखूड कापलेली हिरवळ) तिरकं आणि उथळ आहे. त्याच्या डाव्या अंगाला पुढे रोड बंकर हा वाळूचा खोल खड्डा, मागे डांबरी रस्ता आणि त्यापलीकडे भिंत. घाबरून डावीकडे मोकळ्या जागेत खेळलात तर पहिला फटका सुखाचा जातो, पण मग तो बंकर नेमका तुमच्या आणि झेंड्याच्या मधे येतो. जोखीम आता घ्यायची की नंतर, एवढंच हे होल विचारतं. उत्तर वाऱ्याप्रमाणे, झेंड्याच्या जागेप्रमाणे आणि तुमच्या त्या दिवसाच्या हाताप्रमाणे बदलतं.

दुसरं उदाहरण स्कॉटलंडमधल्याच नॉर्थ बेरिकचं पंधरावं होल, रेडान. ग्रीन समोरून मागे, उजवीकडून डावीकडे उतरत जातं आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याशी खोल बंकर आहे. थेट झेंड्यावर मारलेला चेंडू बंकरवरून नेमका जावा लागतो आणि पडल्यावर बहुधा मागे निघून जातो. उजवीकडच्या उंच भागावर टाकला तर उतारच त्याला हळूहळू झेंड्याकडे नेतो. ताकद नसलेला, पण जमीन वाचता येणारा खेळाडू इथे ताकदवानाच्या बरोबरीने खेळू शकतो. मॅकडोनाल्डने हीच कल्पना, सेंट अँड्र्यूज आणि प्रेस्टविकच्या काही होलच्या कल्पनांसह, लाँग आयलंडवरच्या नॅशनल गोल्फ लिंक्समध्ये नेली. तो क्लब १९११ साली रीतसर सुरू झाला आणि अमेरिकेतल्या पुढच्या पिढीने तिथून धडे घेतले. रेडान आज जगभर आहेत. त्यांतली चांगली ती, जिथे उतार खरोखर चेंडू खेळवतो. नुसता तिरका बंकर खणून रेडान होत नाही.

या दोन्ही ठिकाणी रुंदी आहे. रुंद फेअरवे (टी आणि ग्रीनमधला आखूड गवताचा पट्टा) म्हणजे सोपा फेअरवे, असं टीव्हीवरच्या स्पर्धा पाहून अनेकांना वाटतं. पण पंचवीस यार्डांच्या पट्टीत बरोबर जागा एकच उरते. पन्नास यार्ड मिळाले की डावी बाजू आणि उजवी बाजू हे दोन वेगवेगळे डाव होतात.

आणखी एक गोष्ट फोटोत कधीच दिसत नाही: होलांची मांडणी, म्हणजे एका होलकडून दुसऱ्याकडे जमीन कशी उलगडत जाते ते. फिलाडेल्फियाजवळचा मेरियन ईस्ट हा ह्यू विल्सनचा १९१२ चा कोर्स सव्वाशे एकरांच्या आसपास बसला आहे. आजच्या हिशेबाने ही जागा फारच कमी, शिवाय मधून सार्वजनिक रस्ता जातो. तरी शेवटच्या तीन होलांसाठी तिथली जुनी दगडखाण अशी वापरली आहे की जागेची अडचणच तिथलं वैभव झाली. ग्रीनवरून पुढची टी चार पावलांवर असणं, चढ एकदम अंगावर न येता थोडा थोडा वाट्याला येणं, वारा प्रत्येक वेळी वेगळ्या अंगाने लागणं, हे सगळं चालत खेळताना पायांना कळतं. कोर्स पारखायचा तर गाडीतून उतरा.

अवघड कोर्स म्हणजे चांगला कोर्स, असंच ना?

नाही. पण ही समजूत चिवट आहे. गोल्फ डायजेस्टची प्रसिद्ध यादी १९६६ साली सुरू झाली तीच मुळी सर्वांत अवघड कोर्सची यादी म्हणून. त्याआधी १९५१ च्या यूएस ओपन या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेसाठी रॉबर्ट ट्रेंट जोन्स या आर्किटेक्टने रॉसच्या ओकलंड हिल्सचे फेअरवे आवळले आणि चेंडू जिथे पडतात तिथेच नवे बंकर आणले. अख्ख्या स्पर्धेत पारच्या, म्हणजे फेरीसाठी अपेक्षित ७० फटक्यांच्या, खाली फक्त दोन फेऱ्या झाल्या: बेन होगनची ६७ आणि क्लेटन हेफनरची ६९. त्या निकालाचं इतकं कौतुक झालं की पुढची कित्येक वर्षं क्लब आपापले कोर्स तसेच आवळत राहिले. आठवड्याच्या शेवटी खेळणारे साठीतले सभासद त्या गवतात चेंडू शोधत बसले. चांगला कोर्स निष्णात खेळाडूला विचारात पाडतो आणि नवशिक्याला त्याच ग्रीनपर्यंत लांबची पण मोकळी वाट ठेवतो. या दोन्ही गोष्टी एका होलात साधणं हे नुसतं अवघड होल बनवण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे.

ग्रीनवर इतका भर का?

कारण होलचा सगळा विचार ग्रीनपासून सुरू होतो आणि उलटा टीपर्यंत येतो. झेंडा उजव्या कोपऱ्यात, बंकरमागे लावता येत असेल तरच फेअरवेची डावी बाजू महत्त्वाची ठरते. तो कोपराच नाहीसा झाला तर फेअरवे कितीही रुंद ठेवा, त्या रुंदीला काही अर्थ राहत नाही.

आणि कोपरे नाहीसे होतातच. गवत कापणारा माणूस यंत्र वळवताना कड किंचित आत घेतो. वर्षाला काही इंच गेले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. बसून चालवायची तीन पात्यांची यंत्रं आल्यावर हा वेग आणखी वाढला. पन्नास-साठ वर्षांनी मूळचं चौकोनी, कानेकोपरे असलेलं ग्रीन अंड्यासारखं गोल होतं आणि एके काळी ग्रीनच्या काठाला टेकलेला बंकर आता चार-पाच यार्ड दूर, गवतात बसलेला दिसतो. जुना कोर्स पाहायला गेलात तर आधी हेच पाहा: ग्रीनसाठी भर घालून केलेला उंचवटा कुठे संपतो आणि आज ग्रीन म्हणून कापलेला भाग कुठे संपतो. या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे कोर्सने गमावलेली जागा.

दुसरा प्रश्न वेगाचा. एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ ची ओकमाँटची यूएस ओपन पाहून ग्रीनचा वेग मोजायची पट्टी बनवली. तिच्यावरून सोडलेला चेंडू किती फूट घरंगळतो तो वेगाचा आकडा. अमेरिकन गोल्फ असोसिएशनने सत्तरच्या दशकात देशभर मोजमाप केलं तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास आली. आज मोठ्या स्पर्धेत बारा-तेरा ऐकायला मिळतं. रॉस किंवा मॅकेन्झीने चार-पाच टक्क्यांचे उतार ठेवले ते संथ गवत गृहीत धरून. बाराच्या वेगाला तीन टक्क्यांच्या पुढच्या उतारावर झेंडा लावणं जवळपास अशक्य होतं, चेंडू थांबतच नाही. मग क्लबपुढे दोन वाटा उरतात, उतार सपाट करा किंवा वेग कमी ठेवा. माझं उत्तर ठाम आहे: वेग कमी ठेवा. वेग उद्या सकाळी बदलता येतो. शंभर वर्षांपूर्वी घोड्यांनी ओढलेल्या फाळाने आणि माणसांच्या हातांनी घडवलेला उतार एकदा कापला की गेला. क्लबांनी सभासदांना आकड्यांची चटक लावली आणि त्या आकड्यांसाठी जगातली काही अप्रतिम ग्रीन कायमची गेली, याचं मला मनापासून दुःख आहे.

जीर्णोद्धार आणि नूतनीकरण यात फरक काय?

नूतनीकरणात आजच्या आर्किटेक्टला हवं ते होतं. जीर्णोद्धारात पुरावा सांगेल ते व्हायला हवं. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच २०२२ साली काढलं तेव्हा आतलं मूळ रूप दिसलं. कुणी नवी मूर्ती घडवली नव्हती. चांगला जीर्णोद्धार असाच, साचलेलं काढणारा असतो. बंकरच्या बाबतीत तर तो अक्षरशः तसाच असतो. प्रत्येक फटक्याबरोबर उडालेली वाळू काठावर पडते आणि काही दशकांत काठ फूटभर किंवा त्याहूनही उंच होतात. जाणकार माणूस लोखंडी सळई खुपसत जुन्या वाळूचा थर शोधतो आणि मूळ तळ व मूळ काठ सापडवतो.

प्रत्यक्षात बहुतेक कामं या दोहोंच्या मधली असतात आणि त्यात गैर काहीच नाही. गैर हे, की आपल्या मनाचं करायचं आणि फलकावर रॉसचं नाव लावायचं.

पुरावे कुठून मिळतात?

सर्वांत मोलाची विमानातून काढलेली छायाचित्रं. १९२० ते १९४० च्या दशकांत अमेरिकेत शेती, नकाशे आणि लष्करासाठी अशी छायाचित्रं मोठ्या प्रमाणावर काढली गेली, आणि ग्रीनचा काठ, बंकर, फेअरवेची रुंदी त्यांत स्पष्ट दिसते. त्यानंतर आर्किटेक्टची रेखाटनं. रॉसची पुष्कळशी पाइनहर्स्ट गावातल्या टफ्ट्स संग्रहात आहेत. क्लबची इतिवृत्तं, जुनी वर्तमानपत्रं, लग्नसमारंभाच्या फोटोंच्या मागे दिसणारं ग्रीन, कशाचाही उपयोग होतो. रेखाटनावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. कागदावरचं प्रत्यक्षात तसंच बांधलं गेलं का, हे छायाचित्र किंवा जमीनच सांगते.

पाइनहर्स्ट नंबर दोनचं नाव सतत का निघतं?

कारण तिथे काय काढून टाकलं हे आकड्यांत सांगता येतं, आणि ते धाडस मोठं होतं.

नॉर्थ कॅरोलायनातला हा कोर्स रॉसने १९०७ साली पूर्ण केला आणि १९४८ साली मरेपर्यंत त्यावर हात फिरवत राहिला. त्याचं घरच तिसऱ्या होलला लागून होतं. जमीन वाळूची, पाइनची झाडं, मधे तारेसारख्या गवताचे झुबके. फेअरवे त्या वाळूत सहज विरघळत जायचे. मग पाण्याच्या नळ्यांच्या रांगा वाढल्या आणि सगळीकडे बर्म्युडा गवत पसरलं, म्हणजे आपल्याकडच्या हरळीचंच भावंड. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोर्स कडेपासून कडेपर्यंत हिरवागार, फेअरवे अरुंद आणि दोन्ही अंगांना दाट रफ, म्हणजे उंच गवत, असा झाला. अमेरिकेतल्या कुठल्याही श्रीमंत क्लबसारखा.

बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या आर्किटेक्टांनी २०१० मध्ये काम हाती घेतलं. सुमारे ३५ एकर गवत उपटून काढलं. पाण्याचे फवारे साडेअकराशेवरून साडेचारशेवर आले. १९४३ ची हवाई छायाचित्रं होती, आणि त्याहून सुंदर पुरावा जमिनीखाली होता: जुन्या काळी फेअरवेच्या मधोमध टाकलेली पाण्याची एकच नळी. ती जिथून जाते ती रॉसच्या फेअरवेची मध्यरेषा. नळीतून पडणारं पाणी जिथवर पोचतं तिथवर हिरवं, पुढे हळूहळू पिवळं, मग तांबूस, मग वाळू. दोनच उंचीचं गवत राहिलं, एक ग्रीनवरचं आणि दुसरं बाकी सगळ्या जमिनीवरचं.

२०१४ साली इथे पुरुषांची आणि पुढच्याच आठवड्यात महिलांची यूएस ओपन झाली. मार्टिन कायमर आणि मिशेल वी जिंकले. टीव्हीवर तपकिरी कडा पाहून कोर्स मेला आहे असं म्हणणारे प्रेक्षक कमी नव्हते. पण खेळ पाहा: वाळूत गेलेला चेंडू कधी सपाट जागी मिळतो, कधी झुबक्याच्या बुडाशी. दाट रफमध्ये सगळ्यांना एकच शिक्षा आणि एकच उपाय, वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) घेऊन बाहेर काढा. इथे प्रत्येकाला पुढचा विचार करावा लागतो. पाण्याची बचत झाली ती वेगळीच.

मूळ आर्किटेक्टनेच बदल केले असतील तर कोणतं वर्ष धरायचं?

या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. पाइनहर्स्टचंच बघा. आज त्या कोर्सची ओळख म्हणजे पालथ्या ताटलीसारखी, चेंडू चहूबाजूंनी खाली सोडणारी ग्रीन. पण १९३५ पर्यंत तिथे गवताची ग्रीन नव्हतीच. वाळूची होती, सपाट. भारतात कित्येक छावण्यांच्या कोर्सवर तेल घातलेल्या वाळूची ‘ब्राउन’ असायची, त्याच जातीची. म्हणजे १९०७ चं रूप परत आणायचं तर ती प्रसिद्ध ग्रीनच काढावी लागतील. ते कुणी करणार नाही आणि करूही नये. रॉसने शेवटपर्यंत विचार करून जिथे आणून ठेवलं तो काळ धरणं हेच शहाणपणाचं.

ऑगस्टा नॅशनलमध्ये गुंता आणखी वाढतो. मॅकेन्झी जानेवारी १९३४ मध्ये, तिथल्या पहिल्या मास्टर्स स्पर्धेच्या आधीच वारला. त्यानंतर पुढची नऊ आणि मागची नऊ होल यांची अदलाबदल झाली, पेरी मॅक्सवेलने १९३७ मध्ये दहाव्या होलचं ग्रीन वर चढावर नेलं, ट्रेंट जोन्सने १९४७ मध्ये सोळावं होल पाण्याकाठी नव्याने बांधलं. या बदलांनी कोर्स सुधारला, असं माझं मत. सालाला चिकटून राहणाऱ्यांनी या दहाव्या होलचं उत्तर द्यावं.

वर आलेल्या ओकलंड हिल्सच्या बाबतीत प्रश्न असा होता की ट्रेंट जोन्सचं १९५१ चं रूपही आता इतिहासच नाही का? होगनचा विजय त्याच कोर्सवरचा. क्लबने आर्किटेक्ट गिल हॅन्सला रॉसकडे परत जायला सांगितलं आणि काम २०२१ मध्ये पूर्ण झालं. जोन्सचं काम एका आठवड्याच्या स्पर्धेसाठी होतं, रॉसचं रोजच्या खेळासाठी. म्हणून मला क्लबचा निर्णय पटतो.

जीर्णोद्धाराच्या नावाखाली झाडं का तोडतात?

हा प्रश्न आपल्याकडचे लोक रागाने विचारतात आणि तो राग योग्य आहे. झाड तोडण्याआधी कारण भक्कम हवंच.

पिट्सबर्गजवळचा ओकमाँट हेन्री फाउन्सने १९०३ मध्ये उघड्या शेतजमिनीवर आखला. पन्नास-साठच्या दशकांत कोर्स सुशोभित करण्यासाठी तिथे हजारो झाडं लावली गेली. ती वाढली तशी सावलीत गवत कुजू लागलं, मुळांनी पाणी ओढलं, आणि महत्त्वाचं म्हणजे फाउन्सने ठेवलेले बंकर झाडांच्या मागे निकामी झाले. १९९० च्या दशकात सभासद विरोध करतील म्हणून कामगार पहाटे अंधारात झाडं तोडायचे, बुंधे काढून वर हिरवळ बसवायचे, भुसा झाडून टाकायचे आणि पहिला खेळाडू यायच्या आत निघून जायचे. प्रकार उघडकीस आला तेव्हा क्लबमध्ये मोठं वादळ झालं. आज क्लबहाउसमधून बहुतेक होलांचे झेंडे दिसतात, वारा मोकळा फिरतो आणि कोर्स फाउन्सच्या मूळ कल्पनेच्या जवळ आला आहे. परिणाम मला मान्य आहे, ती चोरटी रीत नाही. सभासदांना जुनी छायाचित्रं दाखवून समजावणं हा कामाचाच भाग आहे.

रॉचेस्टरच्या ओक हिलची गोष्ट वेगळी. तिथे जॉन विल्यम्स या डॉक्टर सभासदाने ओसाड शेतजमिनीवर हजारो झाडं लावली आणि क्लबला त्या ओक वृक्षांचा अभिमान आहे. अँड्र्यू ग्रीनने २०२० पर्यंत रॉसचा ईस्ट कोर्स सावरला तेव्हा खेळाच्या रेषांवर आलेली पुष्कळ झाडं गेली, पण क्लबच्या आठवणी जडलेली झाडं राहिली. प्रत्येक झाडाचा वेगळा निवाडा, हीच खरी रीत. इंग्लंडच्या माळांवर तर झाडं काढणं हे निसर्गाच्याच बाजूचं काम ठरतं. मेंढ्यांची चराई थांबल्यावर घुसलेले बर्च आणि पाइन काढले की मूळचं जांभळ्या फुलांचं हेदर हे झुडूप परत येतं आणि त्यावर जगणारे पक्षी-किडेही.

आजचे लोक सव्वातीनशे यार्ड मारतात. मग शंभर वर्षांपूर्वीचे बंकर परत आणून काय उपयोग?

स्पर्धेतल्या मूठभर खेळाडूंसाठी काही बंकर निरुपयोगी होतात, हे खरं. जमीन असेल तर टी मागे नेता येते. बंकर पुढे सरकवायचा तर जपून, कारण मूळचा बंकर बहुधा जमिनीच्या नैसर्गिक उंचवट्यात खणलेला असतो आणि तो उंचवटा तुमच्याबरोबर तीस यार्ड पुढे येत नाही.

लॉस एंजेलिस कंट्री क्लबच्या नॉर्थ कोर्सवर, जॉर्ज थॉमसचं १९२७-२८ चं काम हॅन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये परत आणलं. २०२३ ची यूएस ओपन तिथे झाली तेव्हा पहिल्याच दिवशी रिकी फाउलर आणि झँडर शॉफेले यांनी ६२ मारले आणि लगेच कोर्स सोपा असल्याची ओरड झाली. त्याच कोर्सवर सभासद वर्षभर खेळतात. कोर्स कुणासाठी आहे, हे आधी ठरवा. आठवडाभराच्या पाहुण्यांसाठी घराच्या भिंती हलवू नयेत.

कायमचा गेलेला कोर्स दुसरीकडे उभारला तर त्याला जीर्णोद्धार म्हणायचं का?

म्हणू नये, पण त्याचं मोल मोठं आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग बीचवर मॅकडोनाल्ड आणि रेनरने १९१७ च्या सुमारास दलदलीत वाळू भरून लिडो बांधला. त्याचं अठरावं होल मॅकेन्झीने १९१४ साली ‘कंट्री लाइफ’ नियतकालिकाची आराखडा स्पर्धा जिंकलेल्या कल्पनेवरून घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने जागा घेतली आणि कोर्स संपला. जुन्या छायाचित्रांवरून त्याची संगणकावर प्रतिकृती तयार झाली आणि टॉम डोकच्या चमूने त्या उंचसखलपणाबरहुकूम, उपग्रहावर चालणाऱ्या बुलडोझरांनी, विस्कॉन्सिनच्या वाळूत तो उभा केला. २०२३ पासून तिथे खेळता येतं. समुद्र नाही, खारा वारा नाही. पण पूर्वी नुसती वर्णनं वाचावी लागायची ती ग्रीन आता पायांखाली येतात, आणि अभ्यासाला याहून मोठं साधन मिळणं कठीण.

जुनं परत आणणं नेहमी बरोबरच असतं का?

नाही. उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरशवर कोल्टच्या कोर्सचा शेवट दोन सपाट, निरस होलांनी व्हायचा. २०१९ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेसाठी ती दोन्ही सोडून दिली, शेजारच्या व्हॅली कोर्सच्या टेकड्यांतून मार्टिन एबर्टने नवी सातवं आणि आठवं होल आखली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर स्पर्धेचे तंबू लागले. नवी होल कोल्टच्या बाकीच्या कोर्समध्ये अशी मिसळली आहेत की अनोळखी माणसाला शोधता येणार नाहीत. कोल्टलाही हे पटलं असतं, असं मला वाटतं.

फोटो आणि क्रमवाऱ्यांवरून मत बनवावं का?

फक्त कुठे जायचं ते ठरवण्यापुरतं. फोटोत बंकरच्या फाटक्या कडा आणि मावळतं ऊन छान दिसतं. उतार दिसत नाहीत.

भारतातल्या जुन्या कोर्सना हे लागू पडतं का?

पडतं, पण जसंच्या तसं नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चा, म्हणजे वयाने थेट त्या ‘क्लासिक’ काळातला. दिल्लीच्या लोधी कोर्सवर तर जुन्या मकबऱ्यांमधून खेळलं जातं, आणि अशा ठिकाणी गोल्फच्या आधीचा इतिहासही जपावा लागतो.

आपल्याकडे चार महिन्यांत कोसळणारा पाऊस हा पहिला आर्किटेक्ट. मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी पडतं, ते वाहून नेणारे चर, तळी आणि उंच ग्रीन यांनीच कोर्सचा आकार ठरवला. ती तळी शोभेची समजून बुजवू किंवा हलवू नयेत. आणि कडेपासून कडेपर्यंत हिरवाईचा हट्ट सोडायला आपल्यापेक्षा जास्त कारण कुणाला असणार? एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर जगणाऱ्या गावांच्या राज्यात रफला पाणी घालणं मला पटत नाही. पाइनहर्स्टकडून इथल्या क्लबांनी सगळ्यात आधी घ्यावं ते हेच.

मी क्लबच्या कमिटीवर आहे. सुरुवात कुठून करू?

नामांकित आर्किटेक्टला फोन करण्याआधी क्लबची कपाटं उघडा. जुने नकाशे, फोटो, इतिवृत्तं एका जागी आणून त्यांच्या प्रती काढा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशेही पाहा. वयस्कर सभासद, निवृत्त माळी आणि कॅडी (खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे) यांच्याशी बोला. कुठला बंकर कोणत्या साली बुजवला हे कॅडींना कप्तानापेक्षा चांगलं आठवतं.

मग सगळ्या कोर्सचा एकच आराखडा सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. दर दोन वर्षांनी नवा कप्तान येतो आणि एकेक होल आपल्या आवडीने बदलतो. बहुतेक जुने कोर्स बिघडले ते असेच, एकेका होलने.

खर्च नसलेली कामं पहिली. ग्रीनच्या पुढचं गवत इतकं आखूड ठेवा की घरंगळत आलेला चेंडू ग्रीनवर चढेल. बंकरच्या तोंडाशी माजलेलं गवत कापा, म्हणजे बंकर पुन्हा चेंडू ओढायला लागेल. फेअरवे निदान एका बाजूने बंकरपर्यंत रुंद करा. आणि ग्रीनचे हरवलेले कोपरे परत घ्या. त्यासाठी माळ्यासोबत उंचवट्याच्या कडेने चाला, खुंट्या ठोका आणि गवताची उंची दर काही आठवड्यांनी थोडी थोडी खाली आणा. घाई केली तर गवत जळतं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पुरता जाऊ द्या, मगच त्या कोपऱ्यात झेंडा लावा.